घाटमाथ्यावरचा फिरंगी वकील

गवळवाडीच्या शिवारात मांजरा उगम पावते. बीड जिल्ह्याचा पाटोदा तालुका, बालाघाटाचा माथा, मार्च महिना. पात्रात पाण्याचा थेंब नाही. नुसती वाळू आणि गुळगुळीत गोटे. तुम्ही त्यातला एक गोटा उचलता, आणि मागच्या रस्त्यावर फटफटणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज एकाएकी तुटतो. वळून पाहता तर रस्ताच नाही. विजेच्या तारा नाहीत, मोबाईलचा मनोरा नाही. पळस तेवढा तसाच फुललेला आहे, आणि ऊनही तसंच डोक्यात घुसणारं.

शके 1716, फाल्गुन वद्य. इंग्रजी हिशेबानं 1795 सालचा मार्च. होळी होऊन चारच दिवस झालेत.

नदीच्या कडेकडेनं खाली चालत गेलात की एका गावाचं खळं लागतं. शाळूची मळणी चालली आहे. बैल मेढीभोवती फिरताहेत, बाया सुपानं वारं देताहेत, कडब्याच्या पेंढ्या गंजीला लागताहेत. पण कामावर कुणाचं लक्ष नाही. सगळ्यांच्या माना उगवतीकडं वळलेल्या. तिकडं आभाळाच्या कडेला धूळ उठली आहे आणि ती खाली बसत नाही.

खळ्यावरचा म्हातारा कपाळावर आडवा हात धरून बघतो. तिशीत असताना त्यानं अशी धूळ पाहिली आहे. 1763 च्या ऑगस्टात गोदाकाठी राक्षसभुवनला, आजच्या गेवराई तालुक्यात, थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाची फौज बुडवली होती. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला. त्या साली गावात कडब्याची काडी उरली नव्हती. म्हातारा तुमच्याकडं बघतो. तुम्ही कोण, कुठले, हे विचारत नाही.

"लेकरा, लढाई त्यांची असती, पर पेंढ्या आपल्या जात्यात," तो म्हणतो.

दुपारपर्यंत फौज गावावर येते. निजाम अली खान बिदरहून निघाला आहे, मांजरेच्या काठाकाठानं वर सरकत आला आहे. इतिहासकार या फौजेचा आकडा लाखावर सांगतात, आणि हत्ती, उंट, बैल, बाजारबुणगे, भिश्ती, नालबंद धरले तर ती फौज राहत नाही, चालतं शहर होतं. साठी ओलांडलेला निजाम हत्तीवर आहे. जनानखाना बरोबर आहे, आणि त्याच्या पहाऱ्याला लाल डगले घातलेली बायकांची पलटण आहे. मागं फ्रेंच सरदार रेमंडनं कवायत शिकवलेलं पायदळ, पावलाला पाऊल जुळवून चाललेलं. गावकऱ्यांनी अशी चाल कधी पाहिली नाही. गंजी तासाभरात नाहीशी होते. विहीर संध्याकाळी तळ दाखवते.

आणि तुम्हाला वेठीला धरलं जातं. एक शिपाई दंडाला धरून ओढतो आणि डोक्यावर एक पेटी ठेवतो. लाकडी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, वरून मेणकापड. मान खांद्यांत रुतते. दारूगोळा असेल, किंवा रुपये असतील, असं तुम्हाला वाटतं. तळाच्या एका कडेला, बाकीच्या डेऱ्यांपासून जरा अंतर राखून एक डेरा उभा आहे. पेटी तिथं उतरवायची आहे.

डेऱ्यात एक गोरा माणूस बसला आहे. चाळिशी नुकतीच गाठलेला, चेहऱ्यावर आजारपणाचा पिवळेपणा. हा विल्यम कर्कपॅट्रिक. ईस्ट इंडिया कंपनीचा निजामाच्या दरबारातला रेसिडेंट. तळावरचे लोक एवढंच म्हणतात, इंग्रजांचा वकील.

मुनशी पेटी उघडतो. आत कागद आहेत. नुसते कागद. फारसी पत्रांच्या नकला, अखबारांची भेंडोळी, लाखेचे तुकडे, दौती, पिसांच्या लेखण्या.

तुम्ही दाराशी बसून राहता, कारण परत जायची परवानगी कुणी दिलेली नाही. त्यामुळं एक गोष्ट दिसते, जी पाठ्यपुस्तकातल्या खर्ड्याच्या लढाईत दिसत नाही. या डेऱ्यात माणसांची सतत ये-जा आहे. हरकारे येतात, चिठ्ठी देतात, पाणी पिऊन जातात. कुठल्या सरदाराकडं किती स्वार, कुणाचा पगार किती महिने तुंबला, रेमंडच्या तोफा किती, कोण कुणावर रुसला. कर्कपॅट्रिक ऐकतो, फारसीत प्रश्न विचारतो, हिंदुस्थानीत विचारतो, आणि लिहितो. त्याची फारसी त्याच्या मुनशीइतकी सफाईदार आहे. तरुणपणी कंपनीच्या बंगालच्या फौजेत आलेला हा माणूस भाषेच्या बळावर वर चढला, सरसेनापतीचा दुभाषा झाला, कोश आणि व्याकरणाच्या कामात रमला. 1786-87 मध्ये तो महादजी शिंद्यांच्या दरबारी वकील होता. 1793 मध्ये नेपाळात जाऊन आला. पुढल्याच वर्षी हैदराबादची वकिली पत्करली, आणि आता बालाघाटाच्या या उघड्या माळावर बसला आहे. महादजींना जाऊन वर्ष झालं. त्यांची फौज मात्र घाटाखाली उभी आहे, निजामाच्या विरुद्ध. ज्या शिंदेशाहीच्या तळावर त्यानं दिवस काढले, तिच्याच तोफा आता समोरून त्याच्याकडं बघताहेत.

वकिली आपल्याकडं नवी नव्हती, हे इथं सांगायलाच हवं. याच हैदराबादच्या दरबारात पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे वर्षानुवर्षं होते. नाना फडणविसांना त्यांनी लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात, आणि त्यांतली नजर कुठल्याही रेसिडेंटपेक्षा उणी नाही. बातमी काढणं, दरबाराची नाडी पाहणं, शब्द तोलून टाकणं ही विद्या पुण्याला पुरती अवगत होती. फरक पत्र पोचल्यावर पडत होता. काळ्यांचं पत्र नानांकडं जात होतं, आणि नानांनंतर ते कोण वाचणार याची सोय नव्हती. कर्कपॅट्रिकचं पत्र कलकत्त्याच्या दप्तरात जात होतं. तिथून नक्कल लंडनला. माणूस बदलला तरी दप्तर तेच. मला या लढाईतली सगळ्यात मोठी तफावत हीच वाटते, तोफांची नव्हे.

भांडण कशाचं, ते म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे. चौथाई आणि सरदेशमुखीची बाकी. पुण्याचं म्हणणं, निजामाकडं कोट्यवधी रुपये थकलेत. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क म्हणतो, हिशेब समजवायला नानांनी स्वतः हजर व्हावं. भर दरबारात झालेला तो अपमान पुण्याला पोचला आणि एरवी एकत्र न येणारी माणसं एकत्र आली. वीस वर्षांचे सवाई माधवराव स्वतः मोहिमेवर निघाले. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले, सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एवढे सगळे जमण्याची ही शेवटची वेळ. तळावर त्या रात्री हे कुणालाच माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

निजामाची भिस्त मात्र या शांत डेऱ्यावर होती. 1790 मध्ये टिपूविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम यांचा तह झाला. पुण्यात तो चार्ल्स मॅलेटनं घडवून आणला, संगमावरच्या रेसिडेंसीत राहणाऱ्या त्याच मॅलेटनं. दोन वर्षांत टिपू नमला. निजामाला वाटलं, दोस्त म्हणजे दोस्त, मराठे चालून आले तर इंग्रज पाठीशी उभे राहतील. कंपनीच्या दोन पलटणी त्याच्या चाकरीत होत्याही. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरनं कलकत्त्याहून कळवलं की तो तह टिपूपुरता होता. दोन दोस्त आपसांत लढले तर कंपनी कुणाच्याच बाजूनं उतरणार नाही. त्या पलटणी मराठ्यांविरुद्ध वापरायच्या नाहीत. विलायतेच्या पार्लमेंटचा कायदाही नव्या लढायांना आडवा येत होता, आणि मराठे टिपूशी हात मिळवतील ही धास्ती वेगळीच.

म्हणून कर्कपॅट्रिक इथं आहे आणि नाहीही. निजामाच्या तळावर जेवतो, पण त्याची बाजू घेऊ शकत नाही. बातमी कळते, पण सल्ला देता येत नाही. तटस्थ. हा शब्द आपण किती सहज वापरतो. तट म्हणजे काठ, काठावर उभा तो तटस्थ. पूर कुणाच्या घरात शिरतो आहे ते त्याला दिसत असतं, आणि पूर ओसरल्यावर गाळाची जमीन कुणाला मिळणार, याचाही अंदाज असतो.

पहाटे तळ हलतो. मोहरीचा घाट. बालाघाटाचा माथा इथं संपतो आणि जमीन एकदम खाली सुटते. आज घाटाखालचं खर्डा अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात मोडतं, पण या माळावरच्या माणसाला ती हद्द कधी परकी वाटली नाही. बाजार तोच, सोयरिकी त्याच. घाट अरुंद आहे. हत्ती अडतात, तोफांची चाकं दगडात फसतात, बैल गुडघे टेकतात. तुमच्या डोक्यावर तीच पेटी आहे. एका वळणावर धक्काबुक्कीत मुनशीचा माणूस पेटी काढून उंटावर चढवतो आणि तुम्ही मोकळे होता. पुढं जायचं की मागं? तुम्ही एका कपारीला टेकता, आणि तिथून सगळं दिसतं.

11 मार्च. निजामाची फौज खर्ड्याहून परिंड्याच्या वाटेनं निघते आणि उजव्या हाताला मराठी फौज उभी राहते. आधी घोडदळाची गाठ पडते. टेहळणीला पुढं गेलेल्या परशुरामभाऊंवर निजामाकडचे पठाण तुटून पडतात. भाऊ जखमी होतात. विठ्ठलराव पटवर्धन पडतात. काही वेळ वाटतं की पारडं निजामाकडं झुकतंय. मग शिंद्यांच्या तोफा बोलू लागतात. त्यांचा कारभार जिवबादादा बक्षींकडं, आणि पलटणी फ्रेंच पेरनच्या हाताखाली. भोसल्यांचे बाण आभाळात शेपट्या ओढत सुटतात, हत्ती बिथरतात. समोरासमोर उभ्या पलटणी पाहिल्यात तर कळतं की दोन्हीकडं कवायत शिकवणारा फ्रेंच आहे, आणि दोन्हीकडं मरणारा इथलाच आहे. रेमंडची माणसं हटत नाहीत. पण निजामाचा हुकूम येतो, मागं या. जनानखाना घाबरला आहे.

उन्हं कलतात. अंधार पडतो, गडद, कारण वद्य पक्षातला चंद्र उशिरा उगवणार. ओढ्याशी मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांना पाणी पाजायला येते. बस, एवढंच. पाणी पाजायला. रेमंडचे पहारेकरी अंधारात चाहूल घेतात, गोळी झाडतात, आणि त्या एका गोळीनं सगळ्या रांगेच्या बंदुका सुटतात. कोण कुणावर झाडतंय ते कळत नाही. हाका, किंकाळ्या, सुटलेली जनावरं. चंद्र डोंगरावर येतो तेव्हा त्या उजेडात तुम्हाला दिसतं की निजामाची फौज पळते आहे. तंबू सोडून, तोफा सोडून, धान्याच्या गोण्या सोडून. निजाम स्वतः निंबाळकरांच्या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरतो. लढाईत पडलेल्यांची गणती फारशी मोठी नाही. एका राज्याचं कंबरडं मात्र त्या घाबरगुंडीत मोडलं.

किल्ला लहान. माणसं अफाट. बाहेरून तोफा चालू आहेत, पाण्याचे हाल सुरू झालेत. काही दिवसांतच निजाम तहाची विनवणी करतो. पहिली अट, ज्यानं नानांना हजर व्हायला सांगितलं त्या मुशीर-उल-मुल्कला आमच्या हवाली करा. दिवाण स्वतःहून मराठ्यांच्या तळावर येतो. तीन कोट रुपये, दौलताबादचा किल्ला, आणि परिंड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख. कागदावर एक ओळ. त्या ओळीखाली किती गावं, किती खळी, किती विहिरी आल्या, ते तह लिहिणाऱ्यांनी मोजलं असेल महसुलाच्या आकड्यात. विचारलं कुणालाच नाही.

मराठी तळावर आनंद आहे. तरुण पेशवा मात्र उदास दिसला, असं इतिहासकार ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. शत्रूनं इतक्या लाजिरवाण्या अटी मान्य कराव्यात आणि आपल्या माणसांनी इतक्या स्वस्तात मिळालेल्या विजयाच्या फुशारक्या माराव्यात, याचं त्याला वाईट वाटलं. खर्ड्याच्या सगळ्या गोंगाटात मला ही एकच गोष्ट खरी वयात आल्यासारखी वाटते, आणि तीही त्या गर्दीतल्या एका कोवळ्या माणसाची.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही पुढूनच आला आहात. ऑक्टोबर उजाडेल आणि सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून जातील. गादीच्या भांडणात तीन कोटांतले बहुतेक रुपये सुटतील. कैदेतला मुशीर-उल-मुल्क पुण्याच्या राजकारणात आपला डाव खेळून 1797 मध्ये परत हैदराबादला दिवाण होईल. इंग्रजांवर चिडलेला निजाम त्यांच्या पलटणी आधी काढून टाकेल, आणि थोरला मुलगा अलीजाह बंड करून उठला की परत बोलावेल.

आणि कर्कपॅट्रिक? त्याच्या कागदांची भेंडोळी वाढत जातील. प्रकृती ढासळल्यावर 1797 मध्ये तो आफ्रिकेच्या टोकाला, केपला जाईल. तिथं 1798 च्या सुरुवातीला विलायतेहून हिंदुस्थानला निघालेला नवा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली उतरेल. खर्ड्याहून आलेल्या या आजारी माणसाला तो प्रश्नांमागून प्रश्न विचारेल. निजामाकडं फ्रेंचांचं बळ किती? रेमंडची पलटण मोडता येईल का? निजाम किती घाबरलेला आहे? उत्तरं तयार असतील, लेखी. मोहरी घाटाच्या माथ्यावर जी जमवली होती तीच. वेलस्ली त्याला आपला लष्करी चिटणीस करून घेईल.

त्याच सालच्या 1 सप्टेंबरला हैदराबादेत तह होईल. त्यावर इंग्रजांतर्फे सही करणारा रेसिडेंट म्हणजे विल्यमचा सावत्र भाऊ जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक, जो पुढं खैरुन्निसाशी लग्न करून हैदराबादी पेहरावात वावरेल आणि जिचे खांब आजही उभे आहेत ती कोठीची रेसिडेंसी बांधेल. तहान्वये कंपनीची तैनाती फौज निजामाच्या खर्चानं येईल, फ्रेंच पलटण 22 ऑक्टोबरला शस्त्रं खाली ठेवेल. रेमंड तोपर्यंत जगलेला नसेल. खर्ड्यानं खचलेला निजाम ज्या छत्रीखाली शिरला, ती त्यानं पुन्हा कधी मिटवली नाही. पाच वर्षांत पेशवेही वसईच्या तहानं त्याच छत्रीखाली गेले.

थोरला भाऊ विल्यम 1801 मध्ये मायदेशी परतला. 1811 मध्ये त्याचं नेपाळवरचं पुस्तक आणि टिपूच्या निवडक पत्रांचं भाषांतर छापून आलं, आणि 1812 मध्ये तो वारला. बीड, पाटोदा, मांजरा हे शब्द मरताना त्याच्या मनात होते की नाही, कोण सांगणार. पण त्याचे कागद मेले नाहीत. त्यांतून उघडलेली छत्री या मुलखावरही आली. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी बसली. बीड निजामाच्या राज्यात राहिलं, निजाम इंग्रजांच्या छत्राखाली राहिला, आणि देश स्वतंत्र झाला त्या 15 ऑगस्टला या खळ्यावरच्या म्हाताऱ्याचे वंशज स्वतंत्र झाले नाहीत. त्यांना 17 सप्टेंबर 1948 पर्यंत थांबावं लागलं. 1798 चा तो तह आणि हा दिवस, यांत दीडशे वर्षं आणि सोळा दिवसांचं अंतर आहे. मी ते बोटांवर मोजलं, आणि मोजून झाल्यावर बराच वेळ काही लिहवलं नाही.

घाट चढून तुम्ही परत येता. दोन दिवस चालल्यानं पायांना फोड आलेत. गाव जागेवर आहे. गंजीच्या जागी काळपट गोल डाग उरला आहे. विहिरीत पाणी बोटभर चढलंय. म्हातारा खळ्यात उकिडवा बसून हत्तींच्या पायांखाली तुडवलेल्या मातीतून जोंधळ्याचे दाणे वेचतो आहे. एकेक, नखानं उकरून. सुपाच्या एका कोपऱ्यात मूठभर जमलेत.

तो मान वर न करता विचारतो, "कोण जितलं?"

"मराठे."

"बरं." दाणे वेचणं चालूच आहे. जरा वेळानं तो तुमच्या मानेकडं बघतो. पेटीच्या लोखंडी पट्टीनं तिथं कातडं सोलवटलं आहे.

"लई जड व्हती का रं? काय व्हतं त्यात?"

"कागद."

त्याचा हात थांबतो.

"निस्ते कागद?" तो म्हणतो. "मंग येवढी जड कशी?"

तुम्ही त्याच्या शेजारी उकिडवे बसता आणि मातीत बोटं घालता.